अंगावरचे केस आणि बाईपणाची अट



माणसाच्या अंगावर सुमारे ५० लाख केशमुळे असतात. त्यांतली डोक्यावरची साधारण एक लाख. बाकीची कपाळापासून पायाच्या बोटांपर्यंत पसरलेली. तळहात, तळपाय, ओठ अशा मोजक्या जागा वगळल्या तर मोकळी जागा नाहीच. ही सगळी मुळे बाळ आईच्या पोटात असतानाच तयार होतात; जन्मानंतर त्यांत नव्याने भर पडत नाही. आणि त्यांची संख्या स्त्रीत आणि पुरुषात जवळपास सारखीच असते. दाढी राखणाऱ्या भावाच्या गालावर जितकी मुळे, तितकीच त्याच्या बहिणीच्या गालावर. मग दोन गाल इतके वेगळे का दिसतात?

एकाच मुळातून दोन प्रकारचा केस येऊ शकतो. एक मऊ, आखूड, फिकट. त्याला आपल्याकडे लव म्हणतात. दुसरा जाड, लांब, काळा. वयात येताना शरीरात अँड्रोजेन गटातली संप्रेरके वाढतात आणि काही ठिकाणच्या लवेचे जाड केसात रूपांतर होते. ही संप्रेरके ‘पुरुषी’ म्हणून ओळखली जात असली तरी ती बीजांडकोशात आणि अधिवृक्क ग्रंथींतही तयार होतात, म्हणजे प्रत्येक स्त्रीच्या शरीरात असतात. काख आणि जांघ यांना त्यांची थोडीशी मात्रा पुरते, म्हणून तिथे दोघांनाही केस येतात. हनुवटी, छाती, पाठ यांना जास्त मात्रा लागते. त्यातही कोणते मूळ किती प्रतिसाद देईल हे आनुवंशिकतेवर ठरते. रक्ततपासणीत दोन स्त्रियांचे आकडे तंतोतंत जुळावेत, आणि एकीच्या ओठावर नुसती सावली तर दुसरीच्या ओठावर मिसरूड असावे, हे अगदी नेहमीचे आहे. भारतीय उपखंड, पश्चिम आशिया आणि भूमध्य सागराच्या काठचे देश इथल्या स्त्रियांच्या अंगावर चीन-जपानकडच्या स्त्रियांपेक्षा जाड केस जास्त असतात. संप्रेरकांत मात्र तेवढा फरक सापडत नाही.

थोडक्यात, निसर्गाने इथे उतार ठेवला आहे. अगदी कमी केसांपासून भरपूर केसांपर्यंत सगळ्या पायऱ्या स्त्रियांत आहेत, पुरुषांतही आहेत, आणि मधल्या बऱ्याच पायऱ्यांवर दोघेही उभे आहेत. या उतारावर कुठेतरी रेघ मारून ‘इथपर्यंत बाई’ असे म्हणण्याचे काम समाज करतो. आजचा विषय ती रेघ आहे. तिचे एक वैशिष्ट्य सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. ही रेघ पाळायला सतत काम करावे लागते, आणि ते काम झाले आहे हे कोणाला कळू न देणे हाही कामाचाच भाग असतो. गुळगुळीत हात हा बाईचा स्वभावधर्म आहे असे दिसले पाहिजे. तो महिन्याला काढलेला वेळ, मोजलेले पैसे आणि सोसलेली आग आहे, असे दिसता कामा नये.

ही रेघ फार जुनी आहे, असा समज आहे. ती खरेच तशी आहे का?

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या मुलीशी लग्न करू नये याची यादी आहे. तीत अंगावर फार केस असलेली मुलगी वर्ज्य सांगितली आहे, आणि अंगावर अजिबात केस नसलेलीही. दुसऱ्या अर्ध्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आज जाहिरातीत दाखवतात तशी संपूर्ण केसविरहित काया त्या यादीत दोष म्हणून नोंदली गेली असती. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत आणि पुढच्या सामुद्रिक ग्रंथांत स्त्रीच्या नडग्यांवरचे केस अशुभ मानले आहेत, हेही खरे. पण तिथे चर्चा शकुनाची आहे. मुलगी सासरी भरभराट आणील की नाही, नवऱ्याला दीर्घायुष्य लाभेल की नाही, याचे उत्तर तिच्या पोटऱ्यांवर शोधले जात होते.

काव्यात तर चित्र आणखी निराळे. कालिदासाने कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या तारुण्याचे वर्णन नखशिखान्त केले आहे, आणि त्यात तिच्या नाभीपर्यंत गेलेली केसांची बारीक रेषा सौंदर्यस्थळ म्हणून येते. हा कालिदासाचा एकट्याचा लहरीपणा नव्हता. रोमावली किंवा रोमराजी हा संस्कृत कवींचा ठरलेला वर्ण्यविषय होता; केवळ तिच्यावर शंभर-शंभर श्लोकांची शतके रचली गेली. आज पोटावरची तीच रेषा लेझर केंद्राच्या दरपत्रकात वेगळी ओळ लावून छापलेली असते.

मग अंगावरचे केस काढत कोण होते? कामसूत्रात नागरकाची, म्हणजे शहरातल्या रसिक पुरुषाची दिनचर्या दिली आहे. चौथ्या दिवशी दाढी-हजामत आणि पाचव्या किंवा दहाव्या दिवशी शरीराच्या बाकी भागावरचे केस काढणे, असा त्याचा नेम आहे. इस्लामी परंपरेत काखेतले आणि जांघेतले केस काढणे हा स्वच्छतेचा नियम आहे. त्याला चाळीस दिवसांची मर्यादा आहे आणि तो स्त्री-पुरुष दोघांना सारखाच लागू आहे. सुश्रुतसंहितेत केस काढण्याचा लेप सांगितला आहे, दोन भाग शंखाचे चूर्ण आणि एक भाग हरताळ असा; पण तो जखमेवरच्या उपचारांत येतो, जखमेच्या जागी केस असले की ती नीट भरत नाही म्हणून. हरताळात आर्सेनिक असते. तेव्हा घरच्या घरी कोणी हा प्रयोग करायला जाऊ नये, एवढे जाता जाता.

इराणमध्ये एकोणिसाव्या शतकात, काजार राजवटीत, स्त्रीच्या ओठावरची फिकट मिशी देखणेपणाची खूण होती. त्या काळच्या चित्रांत राजघराण्यातल्या स्त्रियांच्या ओठांवर ती काळजीपूर्वक रंगवलेली दिसते. ज्यांची पुरेशी उठून दिसत नसे त्या काजळाने ती गडद करत. इतिहासकार अफसाने नजमाबादी यांनी आपल्या पुस्तकात याविषयी लिहिले आहे. युरोपीय प्रवाशांचे येणे-जाणे वाढले, त्यांच्या डोळ्यांनी स्वतःकडे बघण्याची सवय लागली, आणि काही दशकांत ती मिशी सौंदर्यातून उतरून लाजेच्या रकान्यात गेली. त्याच इराणमध्ये दोऱ्याने चेहऱ्यावरचे केस काढणे हा लग्नाआधीचा विधी होता. कुमारिकेच्या भुवया कोरलेल्या नसत. कोरलेल्या दिसल्या की मुलीचे लग्न झाले, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे शाळकरी मुली आज सहज ‘आयब्रो करून’ येतात, ते तिथे त्या काळी घरच्यांना तोंड दाखवायला जागा न ठेवणारे ठरले असते.

तेव्हा रेघ होती. पण ती देशोदेशी वेगळ्या जागी होती, वेगळ्या कारणासाठी होती, आणि बऱ्याचदा पुरुषांच्याही अंगावर होती. हात, पाय, काखा, ओठ, हनुवटी सगळे एकदम आणि कायमचे गुळगुळीत हवे, तेही सगळ्या स्त्रियांचे, ही मागणी शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडची नाही. तिचा जन्म अमेरिकेतला.

१९१५ साली अमेरिकेत दोन गोष्टी जवळजवळ एकत्र घडल्या. बिनबाह्यांच्या पोशाखाची फॅशन आली आणि हात उंचावलेल्या तरुणीचे चित्र घेऊन काखेतले केस घालवणाऱ्या भुकटीच्या जाहिराती स्त्रियांच्या मासिकांत झळकू लागल्या. त्याच वर्षी जिलेट कंपनीने ‘मिलेडी डेकोल्ते’ हा स्त्रियांसाठीचा खास रेझर बाजारात आणला. वस्तू नवी नव्हती; पुरुषांसाठीचा सेफ्टी रेझर दहा-बारा वर्षे विकला जात होताच. नवी होती ती अडचण. जिला काल काखेतल्या केसांचे काही वाटत नव्हते, तिला आज सांगितले गेले की ही तुमची चारचौघांत बोलता न येणारी समस्या आहे आणि सुदैवाने तिच्यावर इलाज निघाला आहे. आधी लाज विकायची, मग वस्तू.

पायांचा नंबर नंतर लागला. १९२० नंतर झग्याची कड वर सरकली, पण पायांवर मोजे होते. दुसऱ्या महायुद्धात नायलॉन हवाई छत्र्यांकडे वळवले गेले, मोज्यांचा तुटवडा झाला आणि पाय उघडे पडले. काही स्त्रियांनी पायांना रंग फासून मोज्यांचा आभास निर्माण केला. त्या रंगाखाली केस चालणार नव्हते. युद्ध संपले, मोजे परत आले, रेझर मात्र गेला नाही.

या दोन टप्प्यांच्या मधल्या काळातली दोन प्रकरणे थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहेत. पहिले क्ष-किरणांचे. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या आल्बर्ट गायझर नावाच्या डॉक्टरने ‘ट्रायको’ नावाची पद्धत काढली. सुबक लाकडी कपाटासारखे यंत्र, त्याला एक खिडकी, खिडकीशी गाल टेकवून बसायचे. दुखत नाही, आग होत नाही, आणि काही बैठकींत केस खरेच गळून पडतात. अनेक शहरांतल्या सौंदर्यकेंद्रांत ही यंत्रे बसली. पुढे त्या गालांवर सुरकुत्या आल्या, न भरणारे व्रण आले, काहींना कर्करोग झाला. दुसरे प्रकरण ‘कोरेमलू’ या क्रीमचे. त्यात थॅलियम ॲसिटेट होते. थॅलियम म्हणजे उंदरांचे विष. ते कातडीतून शरीरात जाई. वापरणाऱ्या स्त्रियांचे पाय लुळे पडले, दृष्टी अधू झाली, आणि ओठावरच्या केसांबरोबर डोक्यावरचेही गेले. १९०६च्या अमेरिकी कायद्यात सौंदर्यप्रसाधने बसतच नव्हती, त्यामुळे सरकारला हातावर हात ठेवून बघावे लागले. १९३८चा अन्न, औषध आणि प्रसाधने कायदा आला त्यामागच्या कारणांत ही क्रीम होती. प्रश्न असा पडतो की इतक्या स्त्रिया इतका धोका पत्करायला का तयार झाल्या? त्या भोळ्या होत्या म्हणून? हनुवटीवर केस असलेल्या स्त्रीला नोकरी मिळताना, लग्न ठरताना काय भोगावे लागते हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी आपल्या परीने हिशेबच केला होता.

भारतात ही मागणी तुकड्या-तुकड्यांनी आली. हळद, डाळीचे पीठ, उटणे हे घरात होतेच. नवजात बाळाला, आणि मुलगी असेल तर जरा जास्तच नेटाने, मालिशवाली बाई डाळीचे पीठ आणि साय लावून चोळते किंवा कणकेचा गोळा अंगावरून फिरवते. पुढे मुलीच्या अंगावर लव राहू नये म्हणून. बाळाच्या अंगावरची ती पहिली लव काही आठवड्यांत आपोआप झडते. श्रेय कणकेला मिळते. वयात आल्यावर केस यायचे ते येतातच, कारण ते मुळावर आणि संप्रेरकांवर अवलंबून असतात. मग ‘तुझी मालिश नीट झाली नाही’ असे म्हणून दोष आईच्या गळ्यात. मुलगी चार आठवड्यांची असल्यापासून हे काम सुरू होते आणि त्याचा जाब एक बाई दुसऱ्या बाईला विचारते, हे इथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

बिनबाह्यांचे ब्लाउज, स्कर्ट, सिनेमा, ॲन फ्रेंचसारखी क्रीम, आणि मग गेल्या तीन-चार दशकांत गल्लोगल्ली उघडलेली पार्लरे. महाराष्ट्रात आता तालुक्याच्या गावातही एका खोलीचे, पडदा लावलेले पार्लर असते. तिथली भाषाही पक्की झाली आहे: आयब्रो, अपरलिप, फोरहेड, फुल हँड, हाफ लेग, अंडरआर्म. शरीराचे इतके नेमके तुकडे शरीरशास्त्राच्या वर्गाबाहेर क्वचितच होत असतील.

आता या कामाकडे जवळून पाहू. ओठावरचे केस दोऱ्याने काढायचे असतात तेव्हा पार्लरवाली दोऱ्याचे एक टोक दातांत धरते आणि बाकीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांत फिरवून पीळ देते. तो पीळ पुढे-मागे सरकतो आणि ओळीतले केस मुळासकट उपटत जातो. कातडी ताणलेली नसेल तर ती चिमटीत सापडते. म्हणून गिऱ्हाईक बाईने स्वतःच जीभ आतून ओठाला टेकवून तो फुगवायचा, किंवा भुवई असेल तर एका हाताने कपाळ वर आणि दुसऱ्याने पापणी खाली ओढून धरायची. डोळ्यांतून पाणी येते ते रडण्याचे नव्हे. दोघी मिळून हे काम करतात. एकीच्या ओठावर लाली उरते, दुसरीच्या बोटावर दोऱ्याचे काप आणि मानेला ओढ.

वॅक्सिंगचे गणित आणखी चमत्कारिक. मेणाला केस धरता यावा म्हणून तो तांदळाच्या दाण्याएवढा वाढू द्यावा लागतो. म्हणजे महिन्यातले काही दिवस गुळगुळीत, आणि उरलेले दिवस केस वाढण्याची वाट बघण्याचे. त्या दिवसांत लांब बाह्या, पायघोळ सलवार. कॉलेजातल्या मुलींच्या कपाटात कोणत्या दिवशी काय घालायचे हे हवामानापेक्षा या चक्रावर जास्त ठरते. मग मधल्या दिवसांत रेझर का नको? तर केस राठ होतात, दुप्पट येतात, असे प्रत्येक मावशी सांगते. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ साली मोजमाप करून दाखवले की वस्तऱ्याने केसांची जाडी, रंग किंवा वाढीचा वेग बदलत नाही. केसाचे निमुळते टोक कापले गेले की बुडखा बोथट राहतो आणि हाताला टोचतो, एवढेच. शंभरेक वर्षे झाली, मावशींचे मत बदललेले नाही. या समजुतीमागे केसाइतकीच वस्तऱ्याचीही धास्ती असावी. वस्तरा पुरुषाचा. बाईच्या मोरीत रेझर दिसणे म्हणजे तिला त्याची गरज पडते याची कबुली.

लपवण्याचे हे अंग सर्वांत महाग पडते. नवरा उठायच्या आत हनुवटीवरचा एक केस चिमट्याने काढणारी बाई, वसतिगृहात कडी लावून क्रीम लावणारी मुलगी, लग्नाच्या आदल्या दिवशी ‘फुल बॉडी’ करून घेणारी नवरी: यांना काय हवे असते? आपल्याला केस नाहीत असे कोणाला वाटावे, एवढे पुरत नाही. आपल्याला ते कधी आलेच नाहीत असे वाटायला हवे असते. ॲरिझोना स्टेट विद्यापीठात ब्रिआन फाह्स या प्राध्यापिकेने विद्यार्थिनींना काही आठवडे केस न काढण्याचा आणि विद्यार्थ्यांना ते काढण्याचा ऐच्छिक अभ्यास दिला. मुलींना आया रागावल्या, मित्रांनी किळस दाखवली, आणि कित्येकींनी आपल्या जोडीदाराची परवानगी आधी विचारली होती. मुलांनी पाय भादरले आणि त्याची थट्टामस्करी करून ते मर्दानी करून टाकले. तोच केस, तेच ब्लेड.

‘पण हा स्वच्छतेचा प्रश्न आहे,’ असे या टप्प्यावर कोणीतरी म्हणतेच. घामाला वास येतो तो जिवाणूंमुळे आणि तो पाण्याने जातो. केस ही घाण असती तर मिशीला पीळ देणे ही अभिमानाची गोष्ट झाली नसती.

यापुढचा प्रश्न वैद्यकाचा. केस किती वाढले म्हणजे आजार? पॅरिसच्या आशार आणि तिएर या दोन डॉक्टरांनी १९२१ साली एका निबंधात मधुमेह असलेल्या ‘दाढीवाल्या स्त्रियां’चे वर्णन केले. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल यांनी १९३५ साली सात रुग्ण स्त्रियांवरून बीजांडकोशाच्या ज्या विकाराची मांडणी केली, तो आज पीसीओएस किंवा पीसीओडी या नावाने घरोघरी माहीत आहे. १९६१ साली लंडनच्या फेरिमन आणि गॅलवे यांनी शरीराचे ११ भाग ठरवून प्रत्येकाला शून्य ते चार गुण देण्याची पद्धत काढली. पुढे त्यांतले कोपराखालचा हात आणि गुडघ्याखालचा पाय हे दोन भाग वगळले गेले, कारण तिथले केस संप्रेरकांबद्दल फारसे काही सांगत नाहीत. राहिले नऊ: वरचा ओठ, हनुवटी, छाती, पोटाचा वरचा भाग, खालचा भाग, दंड, मांडी, पाठीचा वरचा भाग, खालचा भाग. बेरीज आठ किंवा त्याहून जास्त झाली की सर्वसाधारणपणे केसांची अतिवाढ धरतात. मात्र वंशानुसार हा आकडा बदलावा लागतो. यातली गंमत अशी की पार्लरमध्ये ज्या दोन जागांवर भरपूर पैसा खर्च होतो, तो कोपराखालचा हात आणि गुडघ्याखालचा पाय, वैद्यकाने मोजायलाच नकार दिला आहे.

पण गुण द्यायचे तर केस दिसले पाहिजेत. दवाखान्यात येणारी स्त्री आदल्या दिवशी सगळे साफ करून येते. डॉक्टरसमोर केसांसह जाणे तिला अशक्य वाटते. पाळी पुढे-मागे होणे, वजन वाढणे, मानेवर काळी झाक या तक्रारी वर्षानुवर्षे सुट्या सुट्या राहतात, आणि त्यांना जोडणारा डोळ्यांना दिसू शकणारा दुवा दर पंधरा दिवसांनी दोऱ्याने पुसला जातो. कित्येकींच्या हनुवटीवरचा बदल पार्लरवालीला डॉक्टरच्या आधी कळतो. उलट बाजूही आहे. तपासण्या पूर्ण निर्दोष निघतात, पाळी नियमित असते, आणि तरी केस जास्त असतात, अशाही स्त्रिया भरपूर आहेत. त्यांना आजार नाही. त्यांच्या मुळांची संवेदनशीलता जास्त आहे, बस. पण तसे सांगितल्यावर समाधान होत नाही, कारण आजार असता तर निदान दोष अंगावर आला नसता.

या रेघेच्या फार पलीकडे गेलेल्यांचे काय झाले? हुलिया पास्त्राना ही १८३४ साली मेक्सिकोत जन्मलेली स्त्री. एका दुर्मीळ जन्मजात अवस्थेमुळे तिचा चेहरा आणि अंग केसांनी भरलेले होते. ती उत्तम गात असे, नाचत असे. तिकिटे मात्र ‘अर्धे माणूस, अर्धे जनावर’ अशा थाटात विकली गेली. १८६० साली मॉस्कोत बाळंतपणानंतर काही दिवसांत ती वारली, बाळही गेले. तिच्या नवऱ्याने, तोच तिचे खेळ लावणारा, दोघांच्या देहांत मसाला भरून त्यांचे प्रदर्शन चालू ठेवले. तिच्या देहाला माती मिळाली ती फेब्रुवारी २०१३ मध्ये, मेक्सिकोतल्या तिच्या मूळ प्रांतात. डार्विनचा माणसाच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ १८७१चा. माणसाच्या अंगावरचे केस कमी होण्यात जोडीदाराच्या निवडीचा हात आहे, असे त्याने त्यात मांडले. त्यानंतर केसाळ स्त्रीकडे उत्क्रांतीत मागे राहिलेली म्हणून बघण्याला विज्ञानाची भाषाही मिळाली.

नियमाचा जाच सर्वांत जास्त त्यांना होतो, ज्यांचे बाईपण आधीच संशयाच्या पिंजऱ्यात आहे. २०१४ साली धावपटू द्युती चंद हिला संप्रेरकांच्या पातळीवरून ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी वगळण्यात आले. ज्या आंतरराष्ट्रीय नियमांचा आधार घेतला गेला, त्यांतल्या वैद्यकीय तपासणीच्या बाबींत अंगावरचे केसही होते. जुलै २०१५ मध्ये क्रीडा लवादाने ते नियम स्थगित केले. तृतीयपंथी समाजात दाढीचा एकेक केस चिमट्याने उपटण्याची रीत जुनी आहे, वस्तरा फिरवणे कमीपणाचे. ज्यांना जन्माने बाईपण मिळाले नाही, त्यांना ते सिद्ध करताना सूट मिळत नाही. उलट चेहऱ्यावरची हिरवट झाक दिसली तरी रस्त्यात शेरे येतात. लेझरच्या बैठकींचा खर्च त्यांच्यापैकी अनेकींना परवडत नाही. आणि २०२४च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशात दहावीच्या परीक्षेत राज्यात पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो प्रसिद्ध झाला, तेव्हा तिच्या गुणांपेक्षा ओठावरच्या केसांची चर्चा जास्त झाली. परीक्षेच्या तयारीत पार्लरचा विषय तिला सोडवायचा राहिला होता, असे अनेकांचे म्हणणे पडले.

विरोध झालाच नाही असे नाही. फ्रिडा काहलोने आपल्या आत्मचित्रांत जुळलेल्या भुवया आणि ओठावरची मिशी जशीच्या तशी, किंबहुना थोडी ठळक करून रंगवली. १९७२ साली अमेरिकेतल्या ‘मिस’ या स्त्रीवादी मासिकाने सुरुवातीच्या काळातच या विषयावर लेख छापला. १९९९ मध्ये ज्युलिया रॉबर्ट्सने लंडनमध्ये एका चित्रपटाच्या शुभारंभाला हात वर केला आणि काखेतल्या केसांची जगभर बातमी झाली. २०१८ साली एका अमेरिकी रेझर कंपनीने जाहिरातीत पहिल्यांदा खरे केस दाखवले. तोवर जाहिरातीतला रेझर आधीच गुळगुळीत असलेल्या पायांवरून फिरत असे. ‘ज्याची त्याची निवड’ हे या सगळ्यावरचे आजचे लोकप्रिय उत्तर आहे. ते अर्धेच उत्तर आहे. केस काढणारीला समाजात काही किंमत मोजावी लागत नाही आणि न काढणारीला मुलाखतीत, स्थळ बघताना, बसमध्ये उंच दांडी धरताना मोजावी लागते, तोवर दोन्ही पारडी सारखी आहेत असे म्हणता येत नाही.

ही मागणी नेमकी कोणाकडे असते, हे तिच्यातून सुटणाऱ्यांकडे पाहिले की स्पष्ट होते. लहान मुलीच्या पाठीवरची लव कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटते, अँड्रोजेन त्या मानाने वरचढ होते, आणि बऱ्याच आज्यांच्या हनुवटीवर चार-दोन राठ केस येतात. नातवंडे ते ओढून बघतात, आजी हसते. तिच्या बाईपणावर कोणी शंका घेत नाही, कारण त्या बाईपणाकडून आता कोणाला काही नको असते. आपल्याकडच्या विधवेच्या केशवपनाची चाल याच तर्काची दुसरी टोकाची बाजू होती. लग्नाच्या व्यवहारातून बाद झालेल्या स्त्रीचे डोक्यावरचे केस उतरवले जात. १८९०च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या नाभिकांना एकत्र आणून हे काम करणार नाही असे ठरवायला लावले. म्हणजे डोक्यावर केस राखणे आणि अंगावरचे काढणे, या दोन्हींची सक्ती होती ती लग्नाच्या आणि मुले होण्याच्या वर्षांपुरती.

अलीकडे ही दोन्ही टोके आत ओढली जात आहेत. पाचवी-सहावीतल्या मुलींना आया पार्लरमध्ये घेऊन येतात, वर्गात चिडवतात म्हणून. आणि साठीच्या बायका हनुवटीसाठी लेझरची चौकशी करतात. त्यांना बहुतेक वेळा परत पाठवावे लागते. लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगद्रव्यात शोषला जाऊन मूळ भाजतो. पांढऱ्या केसात ते रंगद्रव्यच नसते. तिथे उपयोगी पडते ती विजेची सुई. सेंट लुइसच्या चार्ल्स मिशेल या नेत्रवैद्याने १८७५ साली पापणीचा डोळ्यात टोचणारा केस काढण्यासाठी ती पहिल्यांदा वापरली होती, आणि आजही ती एका वेळी एकाच मुळात घालावी लागते.